आधी कंपनीचं नाव सांग

सकाळी सकाळी भाच्यानं घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. सांगलीत विश्रामबागच्या हॉलमध्ये नवं ॲप काढणाऱ्या कुणा 'फाउंडर'चा सत्कार. फेटा, शाल, शेजारी पुढारी. खाली लिहिलंय, पप्पा यात बेदाण्याचे ५ लाख घालणार.

मी एवढंच विचारलं, ॲपचं नाव कळलं, कंपनीचं नोंदणीचं नाव काय? तर म्हणे, "मामा, तुम्हाला आपला माणूस पुढं गेलेला बघवत नाही."

नाही बघवत. माझे दीड लाख असेच पुढं गेलेत.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. पोरगा मिरजेचा, बोलायला लाघवी. व्हिजिटिंग कार्डावर 'सीईओ', पेपरात मुलाखत. मी चेक फाडून दिला. पैसे परत मिळेनात तेव्हा कुठं केंद्र सरकारच्या कंपनी खात्याच्या (एमसीए) साइटवर नाव टाकलं. फुकट दिसतं हो सगळं! कंपनी कधी निघाली, मालकांनी प्रत्यक्ष भरलेलं भांडवल किती, शेवटचा ताळेबंद कधीचा, संचालक कोण. शंभर रुपये भरले की कागद उघडून वाचता येतात. कागद म्हणत होता, कंपनी १ वर्षाची. मुलाखतीत हा सांगत होता, सात वर्षांचा प्रवास. आणि संचालकांच्या यादीत हा नव्हताच! आई आणि मेहुणा.

आता भाचा म्हणेल, भांडवल लाखभर असणं गुन्हा आहे का? नाही. २०१५ पासून किमान भांडवलाची अटच उरलेली नाही. नव्या कंपनीचा ताळेबंद लगेच सापडणार नाही, हेही मान्य. पुढं?

सरकारी 'मान्यताप्राप्त स्टार्टअप'चं सर्टिफिकेट दाखवतात. ते काय चारित्र्याचा दाखला आहे? आणि पुढाऱ्यासोबतच्या फोटोचं तर बोलूच नका. अमेरिकेत त्या एलिझाबेथ होम्सच्या थेरानोस कंपनीत माजी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर संचालक होते. रक्ततपासणीचं मशीन तरीही धड चालत नव्हतं. २०२२ ला बाईला फसवणुकीबद्दल ११ वर्षांहून जास्त तुरुंगवासाची शिक्षा झाली. लांब कशाला, २०१९ ला कडकनाथ कोंबडीपालनाच्या योजनेत पैसे घालून आपल्याच जिल्ह्यातले शेतकरी किती पोळले! हळद घेताना हळकुंडं मोडून बघणारी माणसं आपण, आणि फेटा बघून पाच लाख देतो.

त्या मिरजेच्या पोराकडं परत येतो. कंपनीचा पत्ता म्हणजे त्याचं घर. मी तावातावानं गेलो. दार आईनं उघडलं. 'या' म्हणाली, चहा टाकला. तुम्ही संचालक आहात म्हटल्यावर तिला कळेचना. "सही कर म्हणाला, केली." कपाच्या कडेवरून माझ्याकडं बघत होती, मी पोलीस आहे का काय म्हणून.

ओरडायचं ठरवून गेलो होतो. चहा पिऊन परत आलो.

दाजी, रागावू नका. तो पोरगा खरा असेलही. पण पावतीवर किंवा साइटच्या तळाशी कंपनीचं पूर्ण नाव असतं, तेवढं पाठवा. रात्री जेवण झाल्यावर दोघं मिळून बघू. भाच्यालाही बसवा. आणि ताईला विचारा, तिच्या कुठं सह्या घेतल्यात का.