विगनला एफए कपने बुडवलं? पॉइंट टेबल एकदा नीट बघा

इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये टेबलच्या तळाशी अडकलेली एखादी टीम कपमध्ये दोन राउंड पुढे गेली रे गेली की हा दावा परत फिरायला लागतो. लहान क्लबने कपच्या नादी लागू नये, विगन आठवतंय ना, 2013 मध्ये एफए कप (लीगपासून वेगळी नॉकआउट स्पर्धा) जिंकले आणि तीन दिवसांत प्रीमियर लीगमधून खाली गेले, कपनेच त्यांना मारलं. मग त्याला शेपट्या जोडल्या जातात: टीम दमली होती, दरवर्षी एप्रिलमध्ये खाली जाण्यातून सुटणारे यावेळी कपमुळे सुटले नाहीत, मिडल्सब्रो आणि बर्मिंगहॅमचंही तेच झालं, आणि कप तरी काय, फ्लूकच होता.

दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या हे खरंय. 11 मे ला वेम्बलीवरच्या फायनलमध्ये मँचेस्टर सिटीला 1-0 ने हरवलं आणि 14 मे ला आर्सेनलकडून 4-1 मार खाऊन रेलिगेट झाले (तळाच्या तीन टीम खालच्या लीगमध्ये जातात), एकाच सीझनमध्ये एफए कप जिंकून खाली जाणारी पहिली टीम. गोष्ट इतकी फिट बसते की कोणी मागचे नऊ महिने बघतच नाही.

तर आधी मोठा दावा, कपमुळे लीग गेली. एफए कपमध्ये विगनची पहिली मॅच 5 जानेवारीला बोर्नमथशी. त्याच्या आधी लीगच्या 21 मॅच झाल्या होत्या. त्यात पॉइंट किती? 18. पाच विजय, तीन ड्रॉ, तेरा पराभव. आणि कप सुरू झाल्यावर उरलेल्या 17 मॅचमध्ये किती? तिथेही 18! म्हणजे ज्या कपने यांना बुडवलं म्हणतात तो चालू असताना टीम मॅचमागे जास्त पॉइंट घेत होती. आधीच्या रेटनेच 38 मॅच खेळले असते तर 33 च्या आसपास थांबले असते, प्रत्यक्षात 36 झाले. गोल पण बघा, आधी 21 मॅचमध्ये 22 मारले, नंतर 17 मध्ये 25. खाल्लेले गोल मात्र नंतर थोडे वाढले, 21 मध्ये 39 होते ते 17 मध्ये 34, हे लपवण्यात अर्थ नाही. पण बचाव आधीपासूनच गळका होता, सीझनभरात 73 गोल खाल्ले, रेडिंगबरोबर लीगमध्ये सगळ्यात जास्त. 1 जानेवारीला घरच्या मैदानावर मँचेस्टर युनायटेडने 4-0 धुतलं तेव्हा एफए कपचा एक बॉलही खेळून झाला नव्हता. (लीग कप या दुसऱ्या, छोट्या कपच्या तीन मॅच झाल्या होत्या, पण तिथून ते ऑक्टोबरमध्येच ब्रॅडफर्डकडून पेनल्टीवर बाहेर पडले, त्याला कोणी कप रन म्हणत नाही.)

कोणी म्हणेल अ‍ॅव्हरेजमध्ये काहीही लपतं, कपच्या लगेच पुढची मॅच बघा. बरं, बघू. बोर्नमथशी ड्रॉ झाल्यावर फुलहॅमला जाऊन 1-1, बोर्नमथच्या रिप्लेनंतर (कपमधली मॅच ड्रॉ झाली की तेव्हा ती परत खेळली जायची) संडरलँडकडून घरी 2-3, मॅकल्सफील्डनंतर स्टोकला 2-2, हडर्सफील्डनंतर रेडिंगला 3-0 विजय, एव्हर्टननंतर न्यूकासलवर 2-1 विजय, मिलवॉलच्या सेमीफायनलनंतर सिटीकडून 0-1, आणि फायनलनंतर आर्सेनल. सात मॅच, आठ पॉइंट. हा रेट तर त्यांच्या पूर्ण सीझनपेक्षा बरा आहे! आणि ती स्टोकची मॅच शनिवारी मॅकल्सफील्डला खेळून मंगळवारी झाली, त्यात 2-0 ने मागे पडून मॅकआर्थर आणि दी सांतोच्या गोलवर बरोबरी केली, दमलेली टीम हे करत नाही.

संडरलँडवाली मॅच मात्र दावा करणाऱ्यांच्या बाजूची आहे, मान्य. रिप्लेनंतर चार दिवसांनी, पहिल्या हाफमध्येच तीन गोल खाल्ले, आणि शेवटी 39 पॉइंट घेऊन वाचली ती हीच संडरलँड. पण सप्टेंबरमध्ये विगन त्यांच्याकडे जाऊनही 1-0 हरले होते, तेव्हा कुठला रिप्ले होता? शिवाय सुरुवातीच्या राउंडमध्ये मॅनेजर रोबेर्तो मार्टिनेझ नेहमीच्या अकरा जणांना उतरवतच नव्हता. बोर्नमथच्या रिप्लेतला एकमेव गोल माउरो बोसेलीचा, जो लीगमध्ये क्वचितच दिसायचा.

दमल्याचा मुद्दा मी पूर्ण उडवून लावणार नाही, कारण एप्रिल-मे मध्ये त्यात दम आहे. 13 एप्रिलच्या सेमीफायनलपासून 19 मे पर्यंत 37 दिवसांत नऊ मॅच. 27 एप्रिलला टॉटनहॅमविरुद्ध 2-1 पुढे असताना 89 व्या मिनिटाला बॉइसचा ओन गोल. फायनलच्या चार दिवस आधी घरच्या मैदानावर स्वान्सीविरुद्ध दोनदा आघाडी घेतली आणि दोनदा घालवली, 2-3. माझ्या मते विगन खाली गेले ते या रात्री, आर्सेनलला नाही, पण ही मॅच कोणाच्या लक्षात नाही कारण ती फायनलच्या आधीची, गोष्टीत बसत नाही. पुढची मॅच वेम्बलीवर असताना डोकं तिकडे नव्हतं असं कोणी म्हणालं तर मी हो म्हणेन. पण त्याच्या तीनच दिवस आधी हीच टीम वेस्ट ब्रॉमला जाऊन दोनदा मागे पडून 3-2 जिंकली होती.

आता आर्सेनलची रात्र. हाफ टाइमला 1-1 होते, मलोनीने फ्री किकवर गोल मारला होता. मग 63 व्या मिनिटाला वॉलकॉट, 68 व्या ला पोडॉल्स्की, 71 व्या ला रॅम्सी. आठ मिनिटांत खेळ खल्लास. पायात जीव नव्हता हे टीव्हीवर दिसत होतं आणि तीन दिवसांपूर्वीची फायनल त्याला कारण होती, यात वाद नाही. पण त्या रात्री जिंकले असते तर वाचले असते का? जिंकून 38 झाले असते, शेवटच्या दिवशी अ‍ॅस्टन व्हिलाशी 2-2 झाली तशीच झाली असती तर 39, म्हणजे संडरलँडइतकेच. पॉइंट सारखे असले की गोल डिफरन्स (मारलेले वजा खाल्लेले गोल) बघतात, तो संडरलँडचा उणे 13 आणि विगनचा त्या विजयानंतरही उणे वीसच्या पलीकडे. तरी खालीच! वाचायला दोन्ही मॅच जिंकायला लागल्या असत्या, आणि तेव्हा व्हिलाही जीव तोडून खेळली असती, कारण विगन आर्सेनलला हरले म्हणूनच तर व्हिला सेफ झाली होती.

एप्रिलमध्ये नेहमी खाली जाण्यातून सुटायचे, हा सगळ्यात चांगला मुद्दा आहे आणि गंमत म्हणजे तो सगळ्यात कमी मांडला जातो. 2011-12 मध्ये शेवटच्या नऊपैकी सात जिंकल्या, युनायटेडला हरवलं, आर्सेनलला त्यांच्या घरी हरवलं, न्यूकासलला 4-0 केलं. 2012-13 मध्ये शेवटच्या नऊपैकी फक्त दोन. मग मध्ये बदललं काय, एकटा कप? ऑगस्ट 2012 मध्ये व्हिक्टर मोझेस चेल्सीला विकला. दियामे कॉन्ट्रॅक्ट संपवून फुकटात वेस्ट हॅमला गेला, रोदायेगा तसाच फुलहॅमला. नोव्हेंबरमध्ये लिव्हरपूलच्या अ‍ॅनफील्डवर, लीगच्या मॅचमध्ये, बेन वॉटसनचा पाय मोडला. जानेवारीत इव्हान रामिसचा गुडघा गेला, सीझन संपला त्याचा. अल्कारास बराच काळ बाहेर. मागच्या वर्षी ज्या तीन सेंटर बॅकवर सगळा खेळ उभा होता तो सेट आठवड्यामागून आठवडे एकत्र खेळवायलाच मिळाला नाही. दरवर्षी चांगला प्लेअर विकायचा, उरलेल्यांवर वसंतात चमत्कार करायचा, हा प्रकार कधीतरी फसणारच होता. 2010-11 ला तर शेवटच्या दिवशी स्टोकला 1-0 जिंकून वाचले होते, तेव्हा कोणी काय शिकलं?

उलट कपने लीगच्या टीमला एक प्लेअर दिला हे कोणी बोलत नाही. कॅलम मॅकमनमन. एव्हर्टनच्या घरी क्वार्टर फायनलमध्ये चार मिनिटांत तीन गोल झाले होते, त्यातला मधला याचा: फिल नेव्हिलचा ढिला बॅक पास मध्येच उचलला आणि पुढे आलेल्या कीपरच्या डोक्यावरून अलगद टाकला. सेमीफायनलमध्ये गोल, फायनलमध्ये मॅन ऑफ द मॅच, त्याला आवरता आवरता झाबालेटा दुसरं यलो खाऊन बाहेर गेला. आणि लीगमध्ये? टॉटनहॅमविरुद्धचा दुसरा गोल त्याचा, वेस्ट ब्रॉमला जिंकवणारा तिसरा गोल त्याचा. (न्यूकासलच्या मॅचमध्ये त्याने हायदाराला केलेला टॅकल भयंकर होता, सुटला कसा देव जाणे, तो विषय वेगळा.)

बाकीच्या उदाहरणांचं लवकर आटोपतो. मिडल्सब्रो 1996-97, दोन्ही कपच्या फायनल हरले आणि खाली गेले. 39 पॉइंट होते. पण डिसेंबरमध्ये आजारपण आणि दुखापतींमुळे टीमच उभी राहत नाही म्हणून ब्लॅकबर्नला खेळायला गेलेच नाहीत आणि त्याबद्दल तीन पॉइंट कापले गेले. ते धरून 42, आणि 17 व्या नंबरवर वाचलेल्या कॉव्हेंट्रीचे 41. त्यांना खाली ढकललं ते त्या न खेळलेल्या मॅचने. बर्मिंगहॅम 2010-11 दाव्याला जास्त जवळचं आहे, फेब्रुवारीत आर्सेनलला हरवून लीग कप घेतला आणि नंतर घसरले. पण अख्ख्या सीझनमध्ये 37 गोल, लीगमध्ये सगळ्यात कमी, त्याचा दोष कपवर कसा टाकणार?

आणि त्याच 2012-13 मध्ये स्वान्सीने लीग कप जिंकला, आली नवव्या नंबरवर. व्हिला लीग कपच्या सेमीफायनलपर्यंत खेळली, वाचली. क्यूपीआर (क्वीन्स पार्क रेंजर्स) एफए कपमध्ये चौथ्या राउंडला घरच्या मैदानावर एमके डॉन्सकडून 4-2 हरून मोकळे झाले, सगळी एनर्जी लीगला मिळाली, पॉइंट किती? 25, तळाला. ही यादी कधी कोणी शेअर करत नाही.

कपपेक्षा लीगमध्ये टिकण्यात जास्त पैसा आहे, हा पैशांचा मुद्दा बरोबर आहे. एफए कप फायनल जिंकल्याचं बक्षीस 18 लाख पाउंड, आणि पुढच्याच सीझनपासून नवीन टीव्ही डीलमुळे प्रीमियर लीगमध्ये तळाच्या टीमलाही 6 कोटींच्या वर मिळाले. हिशोबाने खाली जाणं प्रचंड महाग पडलं. पण कप सोडून दिला असता तर ते 6 कोटी मिळाले असते हे गृहीत धरलंय ना, ते कुठून आलं? वर पॉइंट मांडलेत, त्यात तसं काही दिसत नाही.

फ्लूकबद्दल. हो, सेमीफायनलपर्यंतच्या ड्रॉमध्ये प्रीमियर लीगची टीम एकच आली, एव्हर्टन, पण ती त्या वर्षी सहावी होती आणि तिला तिच्या घरी 3-0 केलं. फायनलला समोर आदल्या वर्षीचे लीग चॅम्पियन. गोल कोणाचा, तर नोव्हेंबरमध्ये पाय मोडलेल्या वॉटसनचा, 81 व्या मिनिटाला बेंचवरून आला, 91 व्या ला मलोनीचा कॉर्नर नीअर पोस्टला आला आणि याने हेडर मारला, सिटीचा कीपर जो हार्ट बघत राहिला. एका गोलला फ्लूक म्हणा हवं तर. पण मार्च 2014 मध्ये चॅम्पियनशिपमध्ये (प्रीमियर लीगच्या खालची लीग) असताना याच विगनने सिटीला त्यांच्या घरी 2-1 ने कपमधून काढलं, आणि 2018 मध्ये त्याच्याही खालच्या लीग वनमध्ये असताना विल ग्रिगच्या गोलवर परत 1-0. त्या 2017-18 मध्ये क्वार्टर फायनलपर्यंत गेले आणि लीग वनही जिंकली, 98 पॉइंट घेऊन. कप टीमला मारतो म्हणणाऱ्यांनी हा सीझन कुठे बसवायचा ते सांगावं.

कपने विगनचं लीगमध्ये नुकसान केलं असं म्हणायचंच असेल तर 2012-13 सोडा आणि त्याच्या पुढचा सीझन घ्या. कप जिंकल्यामुळे युरोपा लीग मिळाली, चॅम्पियनशिपच्या 46 मॅचच्या मधेमधे रुबिन कझान आणि मारिबोरच्या वाऱ्या, डिसेंबरमध्ये मॅनेजर ओवेन कॉइल गेला आणि रॉस्लर आला, एप्रिलमध्ये परत वेम्बलीवर आर्सेनलशी सेमीफायनल, 82 व्या मिनिटापर्यंत पुढे, मग एक्स्ट्रा टाइम, मग पेनल्टीवर पराभव. सगळ्या मिळून साठच्या वर मॅच. पाचव्या नंबरवर येऊन प्लेऑफला (प्रमोशनच्या शेवटच्या जागेसाठीच्या मॅच) गेले आणि क्यूपीआरकडून सेमीफायनल हरले, तीही एक्स्ट्रा टाइममध्ये. तिथे दमले म्हणा, कपमुळे प्रमोशन हुकलं म्हणा, त्यावर मी वाद घालणार नाही.