आई-बाबांसाठी गाडी केली, त्यात उधळपट्टी कसली?

सकाळी ऑफिसला निघताना फॅमिली ग्रुप उघडला आणि डोकं फिरलं. आई-बाबांचे उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावरचे फोटो काल रात्री टाकले होते. त्याखाली आमच्या एका काकांनी लिहिलंय, "फोटो छान. पण एका दिवसासाठी प्रायव्हेट गाडी? एवढ्यात अख्खं कोकण दोनदा झालं असतं. समुद्र काय, सगळीकडे सारखाच." त्यावर चार जणांचे अंगठे. त्यातला एक बाबांचा.

तो बाबांचा अंगठा बघून मला रडूच आलं. बाबा आयुष्यभर असंच करत आलेत. कोणी काही म्हटलं की मान डोलवायची, वाद नको. म्हणून मीही ग्रुपवर गप्प बसले आणि इथे लिहितेय. काकाही इथे आहेत, त्यांनी वाचलं तरी चालेल.

आधी आईचं सांगते, कारण तिच्यावरूनही कुजबुज झालेली आहे. लॉकडाऊनमध्ये आई-बाबा साताऱ्यात एकटे होते, मी इंग्लंडमध्ये, लीड्सला. त्या काळात आईने हॉटस्टारवर 'गेम ऑफ थ्रोन्स' बघायला घेतली. सबटायटल वाचत, मध्येच थांबवून, मला फोन करून "हा कोणाचा मुलगा गं?" विचारत तिने ती संपवली. या वयात असल्या मालिका बघतात का, म्हणून नाकं मुरडणारे नातेवाईक आहेत आमच्याकडे. बघतात. माझ्या आईने बघितली, आणि त्यातली आर्या स्टार्क तिला सख्ख्या नातीइतकी माहीत आहे. त्या मालिकेचं कितीतरी चित्रीकरण उत्तर आयर्लंडमध्ये, बेलफास्टला आणि अँट्रिमच्या किनाऱ्यावर झालंय. लीड्सहून बेलफास्ट म्हणजे विमानाने तासाभराचा प्रवास. आई इथे आलेली असताना तिला ते दाखवायचं नाही, तर कोणाला दाखवायचं?

बसने का नाही नेलं, हा पुढचा प्रश्न. बस टूर मीही केलीय, मैत्रिणींबरोबर. मजा आली. पण तेव्हा आम्ही पळू शकत होतो. बसमध्ये पन्नास माणसं असली की प्रत्येक ठिकाणची वेळ ठरलेली असते, आणि त्यात गाइडचाही काही दोष नाही. बाबांचा गुडघा दुखतो. आईला दर दीड तासाला टॉयलेट लागतं. हे ती बसमध्ये कधीच सांगणार नाही, त्यापेक्षा दिवसभर पाणी प्यायचीच नाही. आपल्या सगळ्यांच्या आया हेच करतात, तुम्हाला माहीत आहे.

म्हणून गाडी. गाडीबरोबर त्याच भागात वाढलेला एक साठीचा ड्रायव्हर. बेलफास्टहून भल्या सकाळी निघालो, कारण डार्क हेजेसला गर्दीच्या आधी पोचायचं होतं. अठराव्या शतकात स्टुअर्ट कुटुंबाने आपल्या वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बीचची झाडं लावली होती, सुमारे १५०. आता त्यांच्या फांद्या वर एकमेकींत गुंतल्यात. दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला आर्या मुलाच्या वेशात त्याच रस्त्याने जाते. पडद्यावर ते दृश्य जेमतेम काही सेकंद आहे. ड्रायव्हरने प्लास्टिकचं आवरण घातलेला त्या दृश्याचा फोटो काढून आईच्या हातात दिला, आणि आई तो धरून बरोबर त्या जागी जाऊन उभी राहिली. तिला घाई करणारं कोणी नव्हतं.

झाडं म्हातारी झालीत. २०१६ च्या वादळात दोन पडली, तेव्हा त्यांच्या लाकडाचे कोरीव दरवाजे करून तिकडच्या पबमध्ये बसवले. २०२३ मध्ये धोकादायक झालेली सहा तोडावी लागली. गाड्यांना त्या रस्त्यावर आता बंदी आहे. मालिकेमुळे गर्दी वाढली आणि ती त्या छोट्या रस्त्याला सोसवत नाही, हे खरंच आहे. आमचीही त्यात भर पडली, नाकारत नाही.

आता बाबांचं. काका, खास तुमच्यासाठी.

बाबांना मालिका-बिलिका काही नाही. ते आईसाठी आले होते, हातात पाण्याची बाटली, डोक्याला कानटोपी. दुपारच्या सुमाराला जायंट्स कॉजवेला पोचलो. व्हिजिटर सेंटरपासून खाली उताराचा रस्ता आहे, तिथे छोटी बस मिळते, त्यातून गेलो. समोर काळ्या दगडाचे खांब, सुमारे ४०,०००, बहुतेक षटकोनी, एकाला एक खेटून समुद्रात उतरत गेलेले. लोक समुद्राकडे तोंड करून फोटो काढत होते. बाबांनी समुद्राकडे बघितलंच नाही. ते वाकले, एका खांबावर तळहात ठेवला, बोटांच्या पेरांनी ठोकून बघितलं आणि म्हणाले, "अगं, हा काळा पाषाण. आपलाच."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बाबा बांधकाम खात्यात शाखा अभियंता होते. सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात. खडी, क्रशर, सुरुंग, मुरूम, डांबर. हा दगड त्यांनी आयुष्यभर फोडून घेतला, रचून घेतला, रस्त्यावर अंथरला. आणि ते बरोबरच म्हणत होते. सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी तिथे जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचले. आपल्या दख्खनचा काळा दगडही तसाच, त्याच्या साधारण पन्नास-साठ लाख वर्षं आधीचा. लाव्हा थंड होताना आकसतो आणि तडे जातात. जाड थर सावकाश, सगळीकडून सारखा थंड झाला तर ते तडे असे नेटके षटकोनी होतात. हे बाबांनी मला समजावलं, ड्रायव्हरने नाही. मग कड्याकडे बोट करून म्हणाले, "तो लाल पट्टा बघ. जांभ्यासारखा दिसतोय." मला वाटलं, झाली आता कोकणाची आठवण. पण ड्रायव्हर पुढे आला आणि म्हणाला, अगदी बरोबर, लॅटराइट आहे. लाव्हाच्या दोन मोठ्या उद्रेकांमध्ये खूप मोठा काळ गेला, हवा उष्ण आणि दमट होती, वरचा दगड कुजून लाल झाला, आणि त्यावर पुन्हा लाव्हा पसरला. बाबा म्हणाले, "महाबळेश्वरला वरती असाच लाल थर आहे." मी भाषांतर करत होते. दोघं म्हातारे कड्याकडे बघत उभे.

आई तिकडे फिन मॅककूलची गोष्ट ऐकण्यात रंगली होती. हा आयर्लंडचा राक्षस स्कॉटलंडच्या राक्षसाशी लढायला दगडांचा रस्ता बांधतो. पलीकडचा येताना दिसतो तेव्हा कळतं की तो फारच अवाढव्य आहे. मग बायको नवऱ्याला बाळाचे कपडे घालून पाळण्यात झोपवते, आणि बाळच एवढं तर बाप केवढा असेल, या धास्तीने पलीकडचा राक्षस पळून जातो. आईला ही गोष्ट फार आवडली. घरी आल्यावर दोघा-तिघांना फोन करून सांगून झालीय.

आम्ही तिथे किती वेळ होतो ते मी बघितलं नाही. बाबा एका खांबावर बसले आणि बसूनच राहिले. मध्येच उठून दुसऱ्या खांबाचे कोन मोजत. लोकांनी फटींमध्ये नाणी ठोकून ठेवलीत, ती गंजून फुगतात आणि दगड फुटतो. ते बघून बाबा इतके चिडले, जेवढे आमच्यावर कधी चिडले नसतील. बस टूर असती तर त्यांना उठवून न्यावं लागलं असतं. मी काकांना एवढंच विचारते: निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी, परदेशात, भाषा येत नसताना, तुमचा थोरला भाऊ एखाद्या जागी सगळ्यात जाणकार माणूस म्हणून उभा होता. त्याची किंमत तुम्ही कोकणाच्या दोन फेऱ्यांमध्ये मोजणार?

वर चढून आल्यावर ड्रायव्हरने मला हळूच विचारलं, "वडील काय काम करायचे?" मी म्हटलं, रस्ते बांधायचे, घाटातले. तो हसला आणि म्हणाला, मग आपण बेत बदलू. ठरल्याप्रमाणे पुढे डाउनहिलचा किनारा होता, मालिकेत ड्रॅगनस्टोन बेटासाठी वापरलेला. तो सोडून द्यायचा आणि परतीच्या किनारी रस्त्याला जास्त वेळ द्यायचा, असं त्याने सुचवलं. मी आईकडे बघितलं, कारण दिवस तिच्यासाठी होता. ती म्हणाली, "आर्या तिथे नव्हती. ह्यांचा रस्ता बघू."

बॅलिंटॉय बंदर मात्र आईने सोडलं नाही. मालिकेत थिऑन बोटीने घरी परततो ते बंदर. तिथे समुद्र खरोखर खवळलेला असतो, कोणी सजवायची गरज नाही. जवळच कॅरिक-अ-रीडचा दोरांचा पूल आहे, पाण्यापासून ३० मीटर उंच, २० मीटर लांब. सॅमन मासे पकडणाऱ्या कोळ्यांनी १७५५ पासून तिथे असा पूल बांधायला सुरुवात केली. तो बाबांच्या गुडघ्यासाठी वगळला. कुशेंडनच्या गुहा धावत्या बघितल्या, त्याबद्दल विशेष काही लिहिण्यासारखं नाही.

मग तो रस्ता. अँट्रिम कोस्ट रोड. १८३२ मध्ये काम सुरू झालं, दहाएक वर्षं चाललं. विल्यम बाल्ड नावाचा अभियंता होता. त्याच्या आधी या भागातल्या दऱ्यांमधल्या लोकांना डोंगर ओलांडून आयर्लंडमध्ये फिरण्यापेक्षा होडीने स्कॉटलंड गाठणं सोपं होतं. बाल्डने काय केलं, तर कड्याला सुरुंग लावून दगड खाली किनाऱ्यावर पाडला आणि त्याच भरावावरून रस्ता नेला. एका बाजूला सरळ उभा कडा, खाली पांढरा चुन्याचा दगड आणि वर काळा पाषाण, दुसऱ्या बाजूला लगेच लाटा. ड्रायव्हर जिथे जिथे गाडी लावता येईल तिथे थांबला. बाबा कठड्याजवळ जाऊन खाली बघायचे, मग वर बघायचे. मला म्हणाले, याला विचार: पाण्याचा निचरा कसा करतात? दरड पडते का? मोकळी करायला यंत्र किती वेळात येतं? ड्रायव्हर म्हणाला, पडते, चिखल रस्त्यावर येतो, रस्ता बंद होतो. बाबा म्हणाले, "मग रात्री कोणाला तरी जावं लागत असणार."

आम्ही लहान असताना पसरणी घाटात दरड आली की बाबा रात्री-अपरात्री खात्याच्या जीपमधून जायचे. घरी आले की चिखलाचे बूट दाराबाहेर आणि कोणाशी एक शब्द नाही. सरकारी नोकरी, आरामाची, असं हेच नातेवाईक म्हणायचे. त्या दिवशी बाबा गाडीत पुढच्या सीटवर बसून तासभर बोलत होते. कोणत्या पावसाळ्यात कुठली मोरी वाहून गेली, कोणता मुकादम किती हुशार होता. मी जमेल तेवढं इंग्रजीत सांगत होते, न जमेल तिथे ड्रायव्हर मान हलवत होता. कार्नलॉला आर्या जखमी अवस्थेत ज्या पायऱ्यांवरून पाण्यातून वर येते, त्या पायऱ्यांवर आईचे फोटो काढले. तेव्हाही बाबा मागे बंदराच्या भिंतीचं बांधकाम बघत होते. काका, ग्रुपवरच्या फोटोत ते पाठमोरे आहेत ना, ते त्यासाठी.

आता कोकणाचं. कोकण सुंदर आहे, त्याबद्दल मी एक अक्षर ऐकून घेणार नाही. पण कोकणात तरी आपण म्हाताऱ्या माणसांना कसं नेतो? टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये मागच्या सीटवर बसवून एका दिवसात गणपतीपुळे, पावस, रत्नागिरी. देवळाबाहेर चपला सांभाळायला त्यांनाच बसवायचं. बाबांना आजवर कोणी विचारलंय का, की कशेडी घाटात दोन मिनिटं थांबू का, तुम्हाला काही बघायचंय का?

हो, महाग पडलं. बसच्या तीन तिकिटांच्या कितीतरी पट. प्रत्येकाला परवडेल असं नाही, आणि ज्यांना नाही परवडत त्यांच्या आईवडिलांवरच्या प्रेमात काही कमी असतं असं मी म्हणत नाहीये. पण लग्नात एका संध्याकाळच्या स्टेजच्या फुलांवर याच्या कितीतरी पट जातात, तेव्हा या ग्रुपवर कोणी कोकणाचा हिशेब मांडत नाही. म्हातारा-म्हातारीच्या एका दिवसाचा मात्र लगेच मांडतात.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. काकांचं मन वाईट नाही. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी हेच काका रात्रभर बाकावर बसून होते. ते स्वतःसाठीही कधी रिक्षा करत नाहीत, चालत जातात. त्यांच्या पिढीने स्वतःवर खर्च करायचं शिकलेलंच नाही, आणि बाबांचा तो अंगठाही तिथूनच आलाय, हे मला कळतं. तरी काका, पुढच्या वेळी बाबांना फोन करून त्या दगडाबद्दल विचारा.

उन्हाळ्यात ज्यांचे आईवडील इकडे येणार आहेत त्यांच्यासाठी: ओल्या काळ्या दगडावर चप्पल घसरते, रबरी तळाचे बूट घाला. दोरांच्या पुलावर जायचं असेल तर वेळेचं तिकीट आधी काढून ठेवा, जोराचा वारा असला की पूल बंद असतो. डार्क हेजेसला सकाळी लवकर जा. टॉयलेट कुठे कुठे आहेत ते ड्रायव्हरला आधीच विचारून आईला सांगून ठेवा, म्हणजे ती पाणी पिईल. आणि गाडीत बसल्यावर पहिल्या दहा मिनिटांत ड्रायव्हरला सांगा, वडील काय काम करायचे ते. आमच्या ड्रायव्हरचा नंबर इथे जाहीर टाकत नाही, हवा असेल त्याने मेसेज करा.