मॅडम, ते वाक्य मी काढत नाही

नमस्कार मॅडम,

‘पहिली मुलगी असलेल्या शिकल्यासवरल्या घरांत दुसरी मुलगी जन्माआधीच जास्त गळते’ हे माझं वाक्य तुम्हाला खटकलं. असं लिहिलं तर उद्या कोणी पोरीला दहावीनंतर घरी बसवेल, शिक्षणानेच हा भेद मिटतो, केरळ बघा, असं तुमचं म्हणणं. तुम्ही जन्मभर मुलींना शिकवलंत, तेव्हा राग समजतो. तरी वाक्य राहू द्या.

२०११ च्या जनगणनेत केरळात ०-६ वयोगटात हजार मुलांमागे ९६४ मुली होत्या, खरं आहे. पण छत्तीसगडात ९६९ होत्या, आणि तिथे बायकांची साक्षरता जेमतेम ६० टक्के. एवढं लांब कशाला, नागपूरपेक्षा गडचिरोलीत शिकलेल्या बाया कमी, हे गुणोत्तर मात्र तिथलं चांगलं. महाराष्ट्रात १९९१ ला ९४६, २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. याच वीस वर्षांत मुली झपाट्याने शिकल्या.

शिक्षणाने मुलग्याची ओढ वाढते, असं मात्र नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात उलटंच दिसतं. जितकं शिक्षण जास्त, तितकी ती ओढ कमी. अडचण अशी की ‘लेकरं किती हवीत’ हा आकडा त्याहून भराभर खाली येतो. पाच लेकरं व्हायची तेव्हा त्यात एखादा मुलगा निघायचाच. दोनवर थांबायचं म्हटलं की साधारण चारातल्या एका घरी दोन्ही मुली येणार. पूर्वी असं घर तिसऱ्या-चौथ्या खेपेला जायचं. ‘मुलगा होईस्तोवर’ बाळंतपणं चालली की बाईचे हाल होतात, पण जन्माचं गुणोत्तर त्याने बिघडत नाही, कारण दर खेपेला शक्यता तीच. ते बिघडतं सोनोग्राफीच्या टेबलावर.

माझ्या वाक्याचा आधार ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०११ साली आलेला, देशभरातल्या जन्मांचा अभ्यास. पहिली मुलगी असेल तर दुसऱ्या खेपेला हजार मुलांमागे जन्मलेल्या मुली १९९० मध्ये ९०६ होत्या, २००५ मध्ये ८३६ झाल्या. निसर्गतः त्या ९५० च्या आसपास हव्यात. दहावी किंवा त्याहून जास्त शिकलेल्या आयांमध्ये आणि पैसेवाल्या घरांत ही घट जास्त होती. पहिला मुलगा असला तर अशी घट नाहीच. आणि शिक्षणाचंच म्हणाल, तर सोनोग्राफीचं ते प्रोब हातात धरणारा काही अंगठेबहाद्दर नसतो! नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत दर सोनोग्राफी सेंटरवर ‘येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही’ ही पाटी दिसते. असा कायदा देशात सगळ्यात आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्राने केला, आणि तरीही ९४६ वरून ८९४ ही घसरण आपलीच.

मग शिकलेल्या घराला मुलगा का लागतो? आमच्या नात्यातलं सांगते. काटोलकडची संत्र्याची बाग, दोन बहिणी, दोघी एम.एस्सी., भाऊ बारावी. वडील गेल्यावर दोघी दुय्यम निबंधकाकडे गेल्या आणि हक्कसोडपत्रावर सह्या करून आल्या. कागदावर ‘स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय’. बाहेर आल्यावर धाकटी म्हणाली, ‘माहेर तुटायला नको बाप्पा.’ वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला बरोबरीचा वाटा देणारी सुधारणा महाराष्ट्राने १९९४ मध्येच केली, देशाच्या आधी अकरा वर्षं. पण आई राहते मुलाकडे, बाग मुलाकडे, म्हातारपण मुलाच्या भरवशावर. या दोघींच्या डिग्र्यांनी त्यातलं काहीच हललं नाही. तुमच्या केरळात काही समाजांत वारसा आईकडून चालत असे, हेही त्या ९६४ सोबत धरायला हवं.

‘मग काय, मुलींना शिकवायचंच नाही?’ असं तुम्ही चिडून विचारलंत. शिकवायचंच. पण मुलगा हवाच असं घराला वाटायला लावणारी कारणं शाळेच्या आवाराबाहेर आहेत, ती एकट्या शाळेवर टाकून आपण मोकळे होतो.

राहिला तुमचा शेवटचा मुद्दा, नवी पिढी बदलली. त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ आणि २०१९-२१ च्या फेऱ्यांत देशाचं जन्माचं गुणोत्तर ९१९ वरून ९२९ वर गेलं. महाराष्ट्राचं ९२४ वरून ९१३ वर आलं. नमुना पाहणीचा आकडा थोडा इकडेतिकडे होतो, त्यामुळे घसरण झालीच असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण सुधारणेचा पुरावा म्हणून तर तो तुमच्याही कामाचा नाही.