आधी झोप, मग बाकी सगळं

नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे चार महिने घराघरातली झोप उडते. आभाळ आलं, डावणी (वेलीवरचा बुरशीचा रोग) येईल का, फवारणी उद्या की परवा, व्यापारी काय भाव देणार. इकडे सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या शिफ्टवाल्यांच्या डोक्यात हप्ते आणि ओव्हरटाइम. सल्ला सगळ्यांना एकच मिळतो: टेन्शन घेऊ नको, मन खंबीर ठेव. माझं ठाम मत आहे की हे बोलणं आता थांबवावं. मन सांगून शांत होत नाही. झोपेची घडी मात्र बसवता येते, म्हणून सुरुवात तिथून करा.

झोपायची नाही, उठायची वेळ पक्की करा. सहा म्हणजे रविवारीही सहाच. रविवारी नऊपर्यंत लोळलं की त्या रात्री झोप येत नाही आणि सोमवार वाया जातो. उठल्यावर अर्धा तास उजेडात, मग तो कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक असो की घराची गच्ची. फिरत्या पाळीत हे जमत नाही, हे मान्य. तिथे दिवसा खिडकीला जाड पडदा, फोन सायलेंट, आणि घरच्यांनी त्या झोपेला रात्रीच्या झोपेइतकाच मान द्यायचा.

दुपारी 4 नंतर चहा नको. अंगातलं कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण 5-6 तास लागतात. दारूने डोळा लवकर लागतो, पण पहाटे झोप मोडते.

आता काळजीची वही. संध्याकाळी 7 ला, 15 मिनिटं, खुर्चीत बसून. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे “हातात आहे”, उजवीकडे “हातात नाही”. पाऊस उजवीकडे. डावीकडे नुसतं “कर्ज” लिहून भागत नाही, डोकं पुन्हा तिथेच फिरतं. “सकाळी 11 ला सोसायटीत जाऊन हप्त्याची तारीख विचारणे” एवढं बारीक लिहा. बरेच जण ही वही अंथरुणात उघडतात, तिथेच चुकतं. रात्री तोच विचार आला तर त्याला उद्या 7 ची वेळ द्या.

अंदाजे 20 मिनिटं झोप लागली नाही तर उठा. घड्याळ बघू नका, “आता चारच तास उरले” हा हिशेब झोप आणखी पळवतो. मंद दिव्यात लसूण सोला, कपड्यांच्या घड्या घाला, पेंग आली की परत अंथरुणात.

दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर वहीवर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12 तपासून घ्या, त्यांच्या कमतरतेनेही माणूस असाच खचतो. उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला 2 ते 4 आठवडे, कधी जास्तही लागतात. आठवड्यात काही फरक नाही म्हणून, किंवा बरं वाटलं म्हणून, मनानेच बंद करू नका. टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आणि घरातलं कुणी “जगून काय करायचं” म्हणालं तर सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतोय का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. उत्तर हो आलं तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. फवारणीची औषधं लगेच कुलपात टाका आणि किल्ली शेजारच्या घरी द्या.