परदेशी कंपन्या आल्या म्हणून चालू पॉलिसी मोडायची? त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात एक काका माझ्याकडे आले, इथेच कराडात त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि त्यात रबर लावलेल्या चार पॉलिसी, त्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "ताई, हे सगळं मोडून टाका, जे काय मिळेल ते द्या." मी विचारलं काय झालं, पैशाची अडचण आहे का, तर त्यांनी मोबाईल पुढे केला. तोच मेसेज होता जो मला आधीच तीन ग्रुपवर आलेला.

ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सरकारने विम्यात 100 टक्के परदेशी गुंतवणुकीला परवानगी दिली, म्हणजे आता ईस्ट इंडिया कंपनी परत आली, आपला प्रीमियम परदेशात जाणार, या कंपन्या एक दिवस गाशा गुंडाळून पळणार आणि पॉलिसीची रद्दी होणार, एलआयसी संपल्यातच जमा आहे, खाजगीवाले तसेही क्लेम देत नाहीत, तेव्हा आत्ताच सगळ्या पॉलिसी मोडा आणि सोनं घ्या. खाली "जास्तीत जास्त शेअर करा" आहेच.

मी 2006 पासून एजंट आहे. एलआयसीचं काम करते आणि एका हेल्थ कंपनीचं करते. खाजगी लाइफ कंपन्यांकडून मला एक रुपया मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवते म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको.

मेसेजमधली पहिली ओळ खरी आहे, संसदेने डिसेंबर 2025 मध्ये ती दुरुस्ती केली. पण हे काल अचानक झालेलं नाही. 1994 ला सरकारनेच विमा सुधारणांसाठी नेमलेल्या मल्होत्रा समितीने मार्केट उघडा म्हणून सांगितलं, 2000 ला खाजगी कंपन्या आल्या तेव्हा परदेशी भागीदाराला 26 टक्के हिस्सा होता, 2015 ला तो 49 केला, 2021 ला 74, आणि आता 100. म्हणजे परदेशी पैसा पंचवीस वर्षं आपल्या विम्यात आहे, तुमच्यातल्या कित्येकांची गाडीची पॉलिसी अशाच कंपनीची असेल.

आता प्रीमियम परदेशात जाणार हा मुद्दा. विमा कायदा 1938 मध्ये कलम 27-ई आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की पॉलिसीधारकांचा फंड भारताबाहेर थेट किंवा आडमार्गानेही गुंतवता येत नाही, आणि मालक जपानी असो की जर्मन, हे सगळ्यांना सारखंच लागू आहे. लाइफ कंपन्यांच्या मुख्य फंडातला निदान निम्मा पैसा सरकारी आणि मान्यताप्राप्त रोख्यांत ठेवावाच लागतो. बोनसवाल्या पॉलिसीत जो नफा होतो त्यातला किमान 90 टक्के पॉलिसीधारकांचा असतो. परदेशी मालक नेतो तो आपल्या हिश्शाचा डिव्हिडंड, आणि तोसुद्धा आधी स्वतःचं भांडवल घातल्यावर, कारण लाइफ कंपनी सुरू झाली की पहिली कित्येक वर्षं तोट्यातच असते. बाहेर जाणारा खरा पैसा आहे तो रिइन्शुरन्सचा, म्हणजे विमा कंपनी स्वतःच्या जोखमीचा जो विमा काढते त्याचा, पण तो सगळं सरकारी होतं तेव्हाही जात होता, आणि मोठा पूर नाहीतर भूकंप झाला की क्लेमचा काही भाग तिकडून इकडे येतो.

ईस्ट इंडियाचं म्हणाल तर ती भीती कुठून आली ते मला कळतं. आपल्याकडे 1818 ला कलकत्त्यात पहिली लाइफ कंपनी निघाली ती गोऱ्यांसाठी होती, आणि पुढेही भारतीय माणसाचा विमा काढलाच तर जादा दर लावायचे. नेहमीच्या दराने भारतीयांचा विमा काढायला सुरुवात केली ती 1870 ला बॉम्बे म्युच्युअलने, आपल्या मुंबईत. पण म्हणून 1956 ला राष्ट्रीयीकरण झालं ते परदेशी लुटीमुळे, हे जे मेसेजमध्ये ठोकून दिलंय ते चूक आहे. अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, आपल्या रायगडचे. एकूण 245 कंपन्या आणि सोसायट्या एकत्र करून एलआयसी झाली, त्यातल्या परदेशी फक्त 16 होत्या. मोठं दुखणं होतं ते मालक लोक पॉलिसीवाल्यांचा पैसा स्वतःच्या धंद्यात वळवत होते ते, आणि त्यातले बरेच मालक इथलेच होते.

दुसरा मुद्दा, पळून जातील. जातात की! न्यूयॉर्क लाइफ या अमेरिकन कंपनीने 2012 ला मॅक्स न्यूयॉर्क लाइफमधला हिस्सा जपानच्या मित्सुई सुमितोमोला विकला. नेदरलँड्सच्या आयएनजीने 2013 ला आयएनजी वैश्य लाइफमधला हिस्सा विकला, त्या कंपनीचं नाव एक्साइड लाइफ झालं आणि 2022 ला ती एचडीएफसी लाइफमध्ये गेली. मार्च 2025 ला आलियान्झने बजाजसोबतची भागीदारी सोडायचा करार केला. यात विकला जातो तो मालकाचा हिस्सा, पॉलिसीवाल्यांचा फंड आहे तिथेच राहतो. माझ्या मावशीची पॉलिसी त्या आयएनजीवाल्या कंपनीची, पावतीवरचं नाव दोनदा बदललं आणि प्रत्येक वेळी ती घाबरून मला फोन करायची, पॉलिसी नंबर तोच, रक्कम तीच, हप्ता तोच. आणि अगदी अलीकडे ज्या लाइफ कंपनीचा कारभार रेग्युलेटरला काढून घ्यावा लागला ती सहाराची, म्हणजे मालक इथलाच, जून 2023 मध्ये आयआरडीएआयने, म्हणजे याच विमा रेग्युलेटरने, तिच्या साधारण दोन लाख पॉलिसी एसबीआय लाइफकडे सोपवायला सांगितल्या.

इथे एक गोष्ट मात्र मेसेजच्या बाजूने कबूल करते. एलआयसीच्या पॉलिसीला एलआयसी कायद्याच्या कलम 37 खाली केंद्र सरकारची हमी आहे, तशी हमी खाजगी कंपनीला नाही. खाजगीला देण्यांपेक्षा जेवढी जादा मालमत्ता नियमाने ठरते (सॉल्व्हन्सी मार्जिन) त्याच्या दीडपट राखायची सक्ती आहे, पण सक्ती वेगळी आणि सरकारची हमी वेगळी. ज्याला फक्त हमीच हवी त्याने एलआयसी घ्यावी, मी स्वतःच ती विकते. पण नवीन पॉलिसी घेताना करायचा हा विचार आहे, त्यासाठी बारा वर्षं हप्ते भरलेली जुनी पॉलिसी मोडण्यात काय अर्थ आहे?

एलआयसी संपली यावर फार लिहीत नाही. पंचवीस वर्षं स्पर्धा चालू आहे आणि अजूनही नव्या लाइफ प्रीमियममधला निम्म्याहून जास्त वाटा एकट्या एलआयसीचा आहे. मे 2022 ला शेअर बाजारात आणली तेव्हा सरकारने विकला तो फक्त साडेतीन टक्के हिस्सा.

आता क्लेम. यावर मला खरंच राग येतो, कारण लोकांचं नुकसान होतं ते इथेच आणि तो मेसेज बोट दाखवतो भलतीकडे. मृत्यूच्या क्लेममध्ये एलआयसी आणि खाजगी, दोन्हीकडे 98 टक्क्यांच्या आसपास क्लेम मंजूर होतात. हेल्थचं चित्र वाईट आहे, 2023-24 मध्ये मागितलेल्या रकमेतले साधारण 71 टक्केच दिले गेले, आणि यात सरकारी कंपन्याही आल्या.

चार वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतल्या एकीचा नवरा गेला, वय 44, पॉलिसीला जेमतेम चौदा महिने झालेले. पॉलिसी बँकेत काढलेली. बँकेतल्या मुलाने टॅबवर भराभर फॉर्म भरला, डायबेटिस आहे का याच्यापुढे "नाही" केलं, आणि त्या माणसाच्या शुगरच्या गोळ्या तर सहा वर्षांपासून चालू. ओटीपी आला, यांनी सांगितला, झाली पॉलिसी. क्लेम नाकारला. मी तिच्याबरोबर पुण्याला विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे गेले, तिने तो छापील फॉर्म पहिल्यांदा तिथे बघितला आणि "हे यांनी लिहिलेलंच नाही" एवढंच म्हणत राहिली. भरलेला प्रीमियम परत मिळाला, विम्याची रक्कम नाही. त्या कंपनीत एक पैसाही परदेशी नव्हता.

पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की विमा कायद्याच्या कलम 45 मुळे लाइफ कंपनीला कुठल्याही कारणाने ती वादात काढता येत नाही, 2015 पासून हा नियम आहे. म्हणजे जो माणूस मेसेज वाचून दहा वर्षांची पॉलिसी मोडतो आणि उद्या दुसरी घेतो, तो हे संरक्षण सोडून परत पहिल्या दिवसावर जातो. नवीन पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, तेवढ्या दिवसांत भरलेल्या फॉर्मची कॉपी उघडून प्रत्येक "नाही" बघा, चुकलं असेल तर लेखी कळवा. क्लेम अडला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, 30 दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर लोकपाल, 50 लाखांपर्यंतचं प्रकरण चालतं, फी नाही, वकील लागत नाही.

परदेशी कंपन्यांवर खरा आक्षेप घ्यायचा तर तो वेगळाच आहे आणि त्या मेसेजमध्ये त्याचा पत्ताच नाही. मार्केट उघडताना सांगितलं होतं की विमा गावोगावी जाईल. 2001 ला देशाच्या जीडीपीच्या तुलनेत विम्याचा प्रीमियम 2.71 टक्के होता, 2009-10 ला 5.2 पर्यंत गेला आणि 2023-24 ला परत 3.7 वर आला. बाहेरून येणाऱ्या कंपनीला गावातून छोटे हप्ते गोळा करणं परवडत नाही, म्हणून ती बँकेशी करार करते आणि ज्याच्या खात्यात आधीच पैसे आहेत त्यालाच आणखी एक पॉलिसी विकते. आमच्याकडे पाटणच्या वरच्या वाड्यांवर मी जाते तेव्हा अजूनही पहिली पॉलिसी काढणारी माणसं भेटतात. 100 टक्के मालकी दिल्याने यात काय बदलणार हे विचारा, खुशाल विचारा, मी तुमच्याबरोबर आहे.

काकांच्या चार पॉलिसींमधली तिसरी हेल्थची होती, माझ्याकडूनच घेतलेली, नऊ वर्षं जुनी. वय 58, शुगर, आणि गेल्या वर्षी एक स्टेंट. ही सोडून नवीन घ्यायला गेलं तर एकतर कंपनी नाहीच म्हणेल, नाहीतर जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबायला लावेल, आणि पाच वर्षं पूर्ण झाल्यावर लपवाछपवीचं कारण काढून क्लेम अडवता येत नाही हे जे संरक्षण त्यांनी कमावलंय तेही जाईल. कंपनी आवडत नसेल तर पोर्ट करा, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे न्या, 2011 पासून सोय आहे, जुनी वर्षं मोजली जातात, रिन्यूअलच्या आधी अर्ज करायचा एवढंच. मी हे सांगत होते आणि सहज तारीख बघितली तर त्यांनी मेसेज वाचून यंदाचा हप्ताच भरला नव्हता, ग्रेस पीरियडचे, म्हणजे उशिरा हप्ता भरायच्या मुदतीचे, अकरा दिवस उरलेले आणि तारीख उलटल्यापासून ते कव्हरशिवाय फिरत होते. मुलाला फोन लावला, त्याने दुकानातूनच पैसे भरले, पावती काकांच्या मोबाईलवर आली तेव्हा त्यांनी ती मला दोनदा वाचायला लावली आणि मग चारही पॉलिसींना रबर लावून पिशवीत ठेवल्या.