इबोगाचं मूळ कुणाचं?

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर परवा एका बातमीवरून जोरदार वाद झाला. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यानं २०२५च्या जूनमध्ये इबोगेन या औषधाच्या चाचण्यांसाठी ५ कोटी डॉलर मंजूर केले, ही ती बातमी. हे इबोगेन येतं आफ्रिकेच्या जंगलातल्या इबोगा नावाच्या झुडपाच्या मुळातून. एकानं लिहिलं, "आपल्या ऋषीमुनींना असली विद्या हजारो वर्षांपूर्वी ठाऊक होती, आपणच विसरलो." दुसरा खवळला, "मांत्रिकाच्या हातचं मूळ खाऊन पितर दिसतात म्हणे! याला औषध म्हणायचं, तर आपला जादूटोणाविरोधी कायदा कशाला केला?" मग दोघंही माझ्याकडे वळले. "अरे, तू तर तिथेच राहतोस. तूच सांग."

चार ओळींत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितो.

मी नऊ वर्षं मध्य आफ्रिकेतल्या गॅबॉनमध्ये आहे. या देशाच्या जवळजवळ ८८ टक्के जमिनीवर जंगल आहे. २०१०मध्ये सरकारनं न कापलेल्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. त्यानंतर राजधानी लिब्रव्हिलच्या बाहेर एन्कोक इथे व्हीनियर आणि प्लायवुडचे कारखाने उभे राहिले. त्यांतले बरेच भारतीयांचे, आणि अशाच एका कारखान्यात मी काम करतो. ओकुमे नावाच्या झाडाचा ओंडका मशीनवर फिरतो आणि कागदासारखा पातळ पापुद्रा सुटत जातो. दिवसभर नाकात त्याच लाकडाचा वास असतो.

आमचा फोरमन मित्सोगो जमातीचा. इबोगा ज्या ब्विती पंथाचा प्राण आहे, तो याच लोकांचा आणि त्यांच्या शेजाऱ्यांचा. पुढे उत्तरेकडच्या फांग लोकांनीही तो आपलासा केला. मिशनऱ्यांनी आणि फ्रेंच राजवटीनं त्याला दडपायचा प्रयत्न केला, तरी तो टिकला. तीन वर्षांपूर्वी फोरमनच्या भाच्याची दीक्षा होती. "शेफ (म्हणजे साहेब), तुम्ही या. खायचं नाही, बसायचं," एवढंच तो म्हणाला.

रात्रभर बसलो. ओकुमेच्या राळेच्या मशाली जळत होत्या, आणि कारखान्यातला ओळखीचा वास तिथे धुरातून येत होता. एक म्हातारा तोंडाशी धनुष्य धरून त्याची तार छेडत होता, साथीला आठ तारांची वीणा. पोराच्या अंगाला पांढरी माती फासलेली, समोर आरसा. मुळाची खरवडलेली साल त्याला थोडी थोडी खाऊ घालत होते. तो ओकला, थरथरला, मग तासन्‌तास आरशाकडे बघत राहिला. त्याचा मामा, म्हणजे आमचा फोरमन, एक क्षणही जागचा हलला नाही. पोराच्या पायावर हात ठेवून बसला होता. पहाटे पोरानं काय काय दिसलं ते सांगितलं, आणि सगळ्या वडीलधाऱ्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मला चिमूटभर साल जिभेवर ठेवायला दिली. कडूजहर, आणि थोड्या वेळानं जीभ बधिर. त्या कडवटपणानं मला आंबोलीजवळचं आमचं घर आठवलं. पोट बिघडलं की आजी कुड्याची साल उगाळून द्यायची. नंतर कळलं की कुडा, सातवीण, तगर, सर्पगंधा आणि इबोगा ही सगळी एकाच कुळातली झाडं. तगर तर त्याची अगदी जवळची, आमच्या अंगणात पूजेच्या फुलांसाठी लावलेली.

आता कायद्याचा प्रश्न काढणाऱ्या मित्राला. इबोगेन फ्रान्समध्ये १९०१ साली वेगळं काढलं गेलं. १९६२मध्ये हॉवर्ड लॉटसॉफ या हेरॉइनच्या व्यसनात अडकलेल्या अमेरिकन तरुणानं ते घेतलं आणि हेरॉइनची ओढच गेली असं त्याला आढळलं. २०२४च्या जानेवारीत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी डोक्याला मार बसलेल्या ३० माजी सैनिकांवरचा अभ्यास छापला. मेक्सिकोत त्यांना मॅग्नेशियमच्या जोडीनं इबोगेन दिलं होतं, आणि महिन्याभरानंही नैराश्य, चिंता लक्षणीय कमी होती. ३० माणसं म्हणजे पुरावा नव्हे, पण थोतांडही नव्हे. त्याच वेळी हे औषध हृदयाचे ठोके बिघडवतं आणि त्यानं माणसं दगावली आहेत. म्हणून उद्या कोणी सावंतवाडीत खोली भाड्यानं घेऊन हे मूळ व्यसनमुक्तीसाठी विकू लागला, तर त्याला २०१३च्या कायद्याखाली आत टाकावं असं मीही म्हणेन. डॉ. दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी आयुष्य वेचलं तो पातळ करावा असं मला मुळीच वाटत नाही. पण त्या रात्री मी बघितलं ती फसवणूक नव्हती. पोराला कुणी बरं करायचं वचन दिलं नव्हतं, आणि त्याला एकट्याला सोडून कोणी पैसे मोजत बसलं नव्हतं.

ऋषीमुनींचा दाखला देणाऱ्या मित्राशी माझं भांडण जास्त आहे. त्याचा अभिमान मला समजतो, पण त्या अभिमानात डोंगरातला माणूस कुठेच नसतो. सर्पगंधेचंच बघ. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९मध्ये रक्तदाबावर तिचा उपयोग जगापुढे मांडला आणि जगभरातून मागणी आली. औषध मुळात, म्हणून झाडच उपटायचं. जंगलातून ती इतकी ओरबाडली गेली की शेवटी आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आणावे लागले. नरक्या या झाडाचं तर माझ्या डोळ्यांदेखत झालं. कॅन्सरवरच्या औषधांचा कच्चा माल त्याच्या लाकडात सापडतो. आमच्या भागातून रात्री टेम्पो भरून जायचे. तोडणाऱ्याला मजुरी मिळाली आणि केसही त्याच्याच अंगावर पडली. माल पुढे कुठे गेला ते त्याला आजही माहीत नाही.

गॅबॉननं निदान प्रश्न तरी विचारला. २००० साली इबोगा राष्ट्रीय वारसा ठरला. जनुकीय संपत्तीचा लाभ मूळ राखणदारांना मिळावा यासाठीच्या नागोया करारावर शिक्कामोर्तब करणारा हा जगातला पहिला देश. २०१९मध्ये इबोगाची निर्यातच थांबवली. चोरटी खोदाई त्यानं संपली नाही, आणि ब्वितीवाल्यांनाही आता मूळ सहज मिळत नाही. आमच्या फोरमननं म्हणूनच घरामागे इबोगाची रांग लावली आहे. पाच-सात वर्षं थांबल्याशिवाय मूळ काढायचं नाही, असं त्यानं पोरांना बजावलंय.

आपल्याकडे काय झालं? २००२चा जैवविविधता कायदा चांगला होता. प्रत्येक गावात समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही ही कल्पना माधव गाडगिळांसारख्यांच्या कामातून आली. २०२३च्या दुरुस्तीनं मात्र ग्रंथांत नोंदलेलं पारंपरिक ज्ञान लाभवाटपातून वगळलं. म्हणजे कुडा ग्रंथात आहे, म्हणून कुटजारिष्ट विकणाऱ्या कंपनीनं त्या ज्ञानापोटी डोंगरातल्या कुणाला काही द्यायला नको. ऋषींच्या नावानं अभिमान बाळगायचा आणि त्याच नावावर डोंगरातल्या माणसाचा हक्क काढून घ्यायचा, हे मला सहन होत नाही. माझ्या आजीला कुड्याची साल कधी आणि किती उगाळायची ते पोथीनं शिकवलं नव्हतं. वरच्या धनगरवाड्यातल्या एका म्हातारीनं शिकवलं होतं.

मी चुलतभावाला आमच्या गावच्या नोंदवहीचे फोटो पाठवायला सांगितले. तो समितीवर आहे. बाहेरच्या माणसांनी दोन दिवसांत भरून दिलेली वही. कुड्यासमोर एकच शब्द, "औषधी". माहिती देणाऱ्याचं नाव हा रकाना कोरा.

फोटो फोरमनला दाखवून मी त्याचा अर्थ सांगितला. त्यानं कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ती म्हातारी आहे अजून?" ती नाही, पण तिची सून आहे, तिलाही सगळं येतं. गणपती झाले की चुलतभाऊ वही घेऊन वर जाणार आहे.