'चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

केमिकल प्लांटमध्ये रेसिपीनुसार एकेक घाणा (बॅच) चालवणाऱ्या जुन्या बॅच सॉफ्टवेअरवरून नव्यावर जाण्याबद्दलच्या माझ्या लेखाला तुम्ही चांगलंच झोडपलंत. 'आमचा बॅच सर्व्हर 2004 पासून विंडोज एक्सपीवर चालतोय, त्याच्यापायी एकही बॅच वाया गेली नाही. फार तर व्हर्च्युअल मशीनमध्ये (नव्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला जुना कॉम्प्युटर) टाकायचा आणि विषय संपवायचा. बाकी सगळी दुकानदारी आणि एस-88 या बॅच कंट्रोलच्या स्टँडर्डचं पुस्तकी ज्ञान,' असा एकूण सूर. मी सिस्टिम इंटिग्रेटरकडे, म्हणजे प्लांटना कंट्रोल सिस्टिम बसवून देणाऱ्या कंपनीत नोकरी करतो, असल्या कामांवरच माझी चूल पेटते. तेव्हा दुकानदारीचा संशय रास्तच आहे.

'चालतंय' याबद्दल वाद नाही. मी विचारतोय ते एवढंच, की आज रात्री त्याची हार्ड डिस्क गेली तर परवा बॅच लागेल का? रायगड जिल्ह्यातल्या एका केमिकल प्लांटवर हा प्रसंग मी बघितलाय. बॅकअपची इमेज होती, लेबल लावून कपाटात ठेवलेली. पण लायसन्सचा डोंगल (ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर चालूच होत नाही ती किल्ली) प्रिंटर पोर्टचा, आणि नव्या पीसीला प्रिंटर पोर्टच नाही. यूएसबी कन्व्हर्टर लावला, तर डोंगल दिसेना. शेवटी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून एक जुनं मशीन शोधून आणलं तेव्हा गाडं हललं. तोवर चार दिवस ऑपरेटर कागदावरची रेसिपी बघून हाताने बॅचेस चालवत होते. ती इमेज कुणी कधी परत चढवून बघितलीच नव्हती.

व्हर्च्युअल मशीनचं तुमचं म्हणणं मला अर्धं पटतं. पीएलसीशी, म्हणजे व्हॉल्व्ह-मोटर प्रत्यक्ष चालवणाऱ्या कंट्रोलरशी बोलणं इथरनेटवर असेल, तर मशीन मरण्याची भीती त्याने जाते. पण डेटा हायवे प्लस या जुन्या पीएलसी नेटवर्कचं कार्ड स्लॉटमध्ये बसवलेलं असेल, तर ते व्हर्च्युअल मशीनमध्ये कुठे खोचणार? आणि आतलं एक्सपी एक्सपीच राहतं. त्याचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला संपला. 'इंटरनेटच नाही' म्हणालात, पण माझ्यासारख्या बाहेरच्याचा पेनड्राइव्ह लागतोच की. कारखान्यांच्या कंट्रोल सिस्टिमवर हल्ला करणारा स्टक्सनेट व्हायरस पसरला तो पेनड्राइव्हवरूनही.

याहून चिवट त्रास वेगळाच आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिस्टिम्सनी एकमेकांना डेटा द्यायची पद्धत म्हणजे ओपीसी. जुनं ओपीसी मायक्रोसॉफ्टच्या डीकॉमवर चालतं, म्हणजे दोन मशीनवरच्या प्रोग्रॅमना बोलू देणाऱ्या विंडोजमधल्या सोयीवर. मायक्रोसॉफ्टने 2021 पासून टप्प्याटप्प्याने डीकॉम कडक केलं आणि 14 मार्च 2023 च्या अपडेटनंतर तो कडकपणा बंद करायची सोयही काढून टाकली. खालच्या ऑथेंटिकेशन लेव्हलने, म्हणजे ढिली ओळख दाखवून येणारा जुना क्लायंट आता पॅच केलेल्या ओपीसी सर्व्हरच्या दारातच अडतो. त्यावर बऱ्याच प्लांटनी उपाय काय काढला? शेजारच्या मशीनचे पॅच थांबवले. एका म्हाताऱ्याला सांभाळायला अख्खी वाडी म्हातारी ठेवायची.

एस-88 कडे येतो. 1995 चं हे स्टँडर्ड मुळात एवढंच सांगतं, की रेसिपी वेगळी आणि यंत्रसामग्री वेगळी ठेवा. जुन्या सिस्टिममध्ये रेसिपी रिॲक्टरला शिवलेली असते. बारा प्रॉडक्ट आणि चार सारखे रिॲक्टर म्हणजे अठ्ठेचाळीस रेसिप्या. एका प्रॉडक्टचं तापमान दोन अंशांनी बदललं की चार ठिकाणी बदला, आणि चौथ्या ठिकाणी विसरा. नीट बांधलं तर बारांत काम भागतं. मात्र रेसिपीतला सर्वांत छोटा टप्पा म्हणजे फेज; 'व्हॉल्व्ह उघडा' ही एक फेज आणि 'व्हॉल्व्ह बंद करा' ही दुसरी, असला भुगा करणाऱ्यांवर तुम्ही चिडला असाल, तर मी तुमच्या बाजूचा आहे.

आता मूळ लेखात लिहायचं टाळलं होतं ते सांगतो, कारण त्यात चूक माझीच होती. जुन्या सिस्टिममधल्या फेजेस नव्यात आणताना रनिंगचं लॉजिक आम्ही ओळन् ओळ तपासलं. होल्डसाठी, म्हणजे फेज मध्येच थांबवून धरायची तेव्हासाठी, मात्र सगळीकडे एकच साचा चिकटवला: व्हॉल्व्ह बंद, मोटर बंद. कागदावर सुरक्षित दिसतं. प्लांटवर नेण्याआधीच्या चाचणीत (एफएटी) पास झालं, सह्या झाल्या. मग प्लांटवर खऱ्या मालाऐवजी पाणी भरून ट्रायल चालू असताना बॅच सर्व्हरची केबल मुद्दाम काढली. संपर्क तुटला की नवी सिस्टिम चालू फेज होल्डला नेते, तशी तिने नेली. आणि मागून एक ऑपरेटर मामा म्हणाले, "साहेब, ॲजिटेटर (ढवळणी) का थांबला? आत माल सोडणं चालू असतं तर?"

रिॲक्शन उष्णता सोडणारी होती. अशा वेळी डोझिंग (आत माल सोडणं) थांबलं पाहिजे, पण ढवळणं आणि रिॲक्टरभोवतीच्या जॅकेटचं कूलिंग चालूच राहिलं पाहिजे. नाहीतर न मिसळलेला माल साचतो, आणि ॲजिटेटर पुन्हा चालू केला की सगळा एकदम पेटतो. जुनी सिस्टिम संपर्क तुटला तरी फेज होल्डला नेतच नव्हती, ती पीएलसीत तशीच चालू राहायची. त्यामुळे होल्डमध्ये काय करायचं हे कुठे लिहिलेलंच नव्हतं. ऑपरेटर स्वतः होल्ड मारायचे तेव्हा आधी डोझिंगचा व्हॉल्व्ह हाताने बंद करायचे, आणि ते फक्त त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. त्यानंतर प्रत्येक फेजचं होल्डिंग आणि रिस्टार्ट मामांना शेजारी बसवून लिहिलं. सव्वा महिना जास्त गेला.

म्हणून जुनी रेसिपी आपोआप नव्या सिस्टिमच्या रूपात बदलून देणाऱ्या टूलवरचा तुमचा राग मला शंभर टक्के मान्य आहे. टूल रेसिपी उचलतं, पीएलसीतला न लिहिलेला भाग आणि मामांची सवय उचलत नाही. पण या मुद्द्यावरून तुम्ही 'बदलूच नका' म्हणता, तिथे आपली फारकत होते. तुमचे मामा कधी रिटायर होणार आहेत?

जुन्या बॅच रेकॉर्डचं म्हणाल, तर ते नव्या डेटाबेसमध्ये कोंबू नका. व्हॅलिडेशनचा (सगळं बरोबर उतरलं हे कागदोपत्री सिद्ध करण्याचा) खर्च वाढतो आणि हाती काही लागत नाही. तिथे तुमचं व्हर्च्युअल मशीनच वापरा: नेटवर्कपासून तोडलेलं, फक्त वाचण्यापुरतं, रेकॉर्ड ठेवायची मुदत संपेपर्यंत. आणि तुमचं ते प्रॉडक्ट खरंच दोन वर्षांत बंद होणार असेल, तर नव्या सिस्टिमवर जाऊच नका. डोंगलची सोय बघा, इमेज एकदा परत चढवून बघा आणि गप्प बसा. हे वाचून माझे साहेब रागावतील, रागावू देत.

कटओव्हर, म्हणजे जुनं बंद करून नवं चालू करणं, कधी करावा, हे तुम्ही टोमण्यात विचारलंत, तरी उत्तर देतो. वार्षिक शटडाउनमध्ये, एका वेळी एकच रिॲक्टर, जुनं पॅनेल जागेवर ठेवून. फक्त गणपतीचा आठवडा टाळा. आम्ही तो धरला होता आणि ज्यांना विचारायचं ते सगळे कोकणात होते.